माप कोणाचं घ्यायचं

"माप कोणाचं घ्यायचं, साहेबांचंच ना?" मिस्त्रींनी विचारलं आणि खिशातला टेप काढत ते सरळ माझ्या नवऱ्याकडे वळले. झालं एवढंच. भोसरीतली एक गल्ली, पत्र्याची शेड, रविवारी सकाळचे साडेदहा, आणि मधे गोणपाटावर आडवी ठेवलेली अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची चोवीस इंची हर्क्युलस सायकल, म्हणजे नुसती फ्रेम, चाकं हँडल सीट सगळं आधीच उतरवलेलं, कापून लहान करायला आणलेली. नवरा फक्त गाडीवर मागे फ्रेम धरून बसायला आला होता, तो घाईघाईने म्हणाला, अहो माझं नाही, सायकल तिची आहे. "मग लेडीज करायची का? आधी बोलायचं ना ताई, दांडी काढूनच टाकतो." मी म्हटलं नाही काका, दांडी ठेवायचीय. त्यावर त्यांनी टेप परत खिशात टाकला, गॅसचा नॉब बंद केला, पोराला तीन कटिंग आणायला पाठवलं आणि स्टुलावर बसून म्हणाले, "बरं, मग तुमचं माप सांगा."

आणि मला सांगता येईना.

माझ्याकडे वही होती. वहीत पट्टी घेऊन काढलेलं चित्र होतं, कोन होते, प्रत्येक नळीपुढे आकडा होता. सीटच्या नळीपुढे, सायकलीची साइज म्हणजे याच नळीची लांबी, १८ इंच लिहिलेलं होतं कारण चोवीस मोठी, बावीस मोठी, वीसही मोठी वाटते, म्हणून अठरा. काकांनी वही डोळ्यांपासून लांब धरून बघितली आणि म्हणाले, हे कागदाचं माप आहे, तुमचं कुठंय? ते चुकीचं काहीच बोलत नव्हते. आधी नवऱ्याकडे वळले हेही मला फार लागलं नाही, त्यांच्या शेडमध्ये येतात ते सगळे पुरुषच, आणि सवयीने मान जिकडे वळते तिकडे वळली. मला लागलं ते दुसरंच. शेहेचाळीस वर्षं मी या शरीरात राहतेय, सायकल पहिल्यांदा हातात धरली त्यालाही चाळीस होत आली, आणि सायकलीसाठी माझं माप काय हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही नव्हता. चहा प्यायलो, फ्रेम परत गोणपाटात गुंडाळली आणि काही न करता घरी आलो. सबंध रस्ता तो एकच प्रश्न डोक्यात.

अण्णा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. पाळी सुटली की सायकलींचा जो लोंढा बाहेर पडायचा तो ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको, घंटा नाहीत, हॉर्न नाहीत, नुसती चेनची आणि फ्रीव्हीलची कटकट, पाऊस पत्र्यावर पडतो तशी. त्या लोंढ्यात आमची हिरवी हर्क्युलस. १९७४ साली नोकरी लागली तेव्हा घेतलेली. संध्याकाळी अण्णा हातपाय धुवायला गेले की अर्धा तास सायकल आमची, म्हणजे दादाची आणि माझी. चोवीस इंची सायकल आणि सात-आठ वर्षांची पोर, म्हणजे हाफ पायडलशिवाय इलाजच नाही. डावा हात हँडलवर, उजवी बगल सीटवर दाबून धरायची, उजवा पाय दांडीखालून त्रिकोणातून पलीकडे घालायचा आणि सगळं शरीर सायकलीच्या बाहेर लटकवून अर्धाच फेरा मारायचा, खाली वर खाली वर. बगलेला सीटच्या स्प्रिंगचा चिमटा बसायचा. पोटरीवर चेनच्या काळ्या ऑइलचे दाते उमटायचे, ते रॉकेलने पुसायचे आणि मग तासभर स्वतःलाच रॉकेलचा वास येत राहायचा. पण काय वेगळी मजा होती ती, मला अजून तो तिरका तोल अंगात आठवतो, डोळे मिटले तर आत्ताही बगलेत सीट जाणवते.

दादा तेराव्या वर्षी सीटवर बसायला लागला. त्याची उंची वाढली. माझी वाढेल असं सगळे म्हणत होते. "उंची वाढली की नीट बसशील" हे मी अठराव्या वर्षापर्यंत ऐकलं, आणि उंची चार फूट अकरा इंचांवर थांबली ती थांबलीच. मी सीटवर बसायचेच, पण पायडल खालच्या टोकाला गेलं की पाय पुरायचा नाही, म्हणून दर फेऱ्याला कंबर एकदा डावीकडे एकदा उजवीकडे घसरवायची. मांड्यांच्या आतल्या बाजूला कायम सोललेलं. आणि सिग्नल! सिग्नल म्हणजे माझी परीक्षा. पाय जमिनीला टेकणं शक्यच नसायचं, त्यामुळे पन्नास फुटांवरून दिवा लाल झालेला दिसला की डावीकडे सरकायला लागायचं, फूटपाथ शोधायचा, नाहीतर एखादा दगड, नाहीतर थांबलेल्या रिक्षाचा दांडा, आणि त्यावर पाय ठेवून उभं राहायचं. फूटपाथ नसेल तर चालत्या सायकलवरून उडी मारायची. संचेतीच्या चौकात, डेक्कनला, विद्यापीठापाशी, कुठे डावीकडे किती उंचीचा कट्टा आहे हे मला पाठ होतं.

मग लुना आली, मग स्कूटी, मग बरीच वर्षं सायकल नाहीच. चाळिशीला आल्यावर एका मोठ्या दुकानातून गिअरची सायकल घेतली, त्यांच्याकडची सगळ्यात लहान साइज. देखणी होती. महिन्याभरात तळवे बधिर व्हायला लागले, मान धरायला लागली, कारण हँडल इतकं लांब की मी त्यावर बसत नव्हते, त्याला लोंबकळत होते. दुकानात सांगितलं तर म्हणाले सवय होईल मॅडम. हे वाक्य ऐकून मला एकदम चोवीस इंचीवरची मी आठवले. सवय मला होतीच, लहानपणापासून होती, तेच तर दुखणं होतं.

लेडीज सायकल घे ना मग, असं प्रत्येकजण म्हणतो. मी चालवल्यात. लेडीज सायकलची दांडी खाली वाकवलेली असते ती साडी आणि स्कर्ट अडकू नये म्हणून, बाकी मागच्या चाकाला जाळी, चेनला पूर्ण कव्हर, सगळं कपड्यांसाठी. सीट जिथं असायची तिथंच, हँडल तेवढंच लांब, पायडल जिला लावतात ती क्रँक तेवढीच. म्हणजे ती साडीच्या मापाची सायकल आहे, बाईच्या नाही. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे, तिथे मी एकदा अख्खी दुपार घालवली होती, दुसऱ्या महायुद्धातली पॅराशूटवाल्या सैनिकांची बीएसएची घडीची सायकल बघायला लोक गर्दी करतात तिथे मी प्रत्येक लेडीज सायकलशेजारी उभी राहून सीट माझ्या कमरेला कुठे लागते ते बघत होते.

अण्णा गेल्यावर हर्क्युलस चार वर्षं मागच्या बोळात ताडपत्रीखाली होती. चाकांच्या रिमा गंजून भाकरीच्या पापुद्र्यासारख्या सुटायला लागल्या होत्या पण फ्रेम ठणठणीत, हँडलखाली सायकलच्या कराचा जुना बिल्ला अजून स्क्रूने बसवलेला. मी ती खोलायला घेतली तेव्हा डोक्यात नक्की काही नव्हतं, साफ करून ठेवू एवढंच. क्रँक पक्की धरणाऱ्या कॉटर पिना निघेनात. दोन दिवस रॉकेल आणि ऑइल सोडत राहिले, मग नट उलटा लावून वरून हातोडी, आणि तिसऱ्या दिवशी तो आवाज बदलला, ठक ठक ठक आणि मग एकदम टण्ण, पिन सुटली. डावं पायडल मात्र पहिल्या झटक्यात निघालं कारण ते लहानपणी अण्णांनी शिकवून ठेवलेलं, डाव्या पायडलचे आटे उलटे, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. मागच्या चाकाच्या हबमधले, म्हणजे मधल्या तुंब्यातले छर्रे मी ताटलीत काढून मोजले. पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ पाहिजेत. एका बाजूला नऊ होते, दुसऱ्या बाजूला आठ. अण्णा असं कधीच करणार नाहीत, ते स्वतः मोजून ग्रीसमध्ये एकेक चिकटवायचे, म्हणजे शेवटी शेवटी हात थरथरायला लागल्यावर कुठेतरी ओव्हरऑइलिंगला टाकली असणार. ते आठ छर्रे हातात घेऊन मी बराच वेळ पायरीवर बसून राहिले होते. त्या क्षणी कधीतरी ठरलं की ही फ्रेम मी कापणार आणि माझी करणार.

आईला सांगितलं. आई काही बोलली नाही, मग रात्री जेवताना म्हणाली, "अण्णांची सायकल कापणार तू?"

मी हो म्हटलं. पण त्या 'हो'ला पुरेसा धीर नव्हता, आणि म्हणूनच बहुतेक भोसरीला माझी जीभ अडली. मूळ अण्णांचं माप समोर पडलेलं आणि काका विचारतायत की तुमचं किती.

त्या रविवारी घरी आले आणि आईला सगळं सांगितलं तर ती उठली, शिलाई मशीनच्या खणातून पिवळा टेप काढून आणला आणि म्हणाली उभी राहा. माझी आई पस्तीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवत होती. एका ब्लाउजला आठ-दहा ठिकाणी माप घेणारी बाई, तिच्या पोरीला सगळी सायकल अंदाजाने. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, दोन पायांत पुठ्ठ्याची जुनी टेलिफोन डिरेक्टरी घट्ट वर दाबून धरली आणि आईने डिरेक्टरीच्या कडेला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. जमिनीपासून ६९ सेंटीमीटर. मग हात, खांद्यापासून मुठीपर्यंत. मग धड. मग खांद्यांची रुंदी. आईने प्रत्येक आकडा मोठ्याने म्हटला आणि वहीत तिच्या पद्धतीने लिहिला, एकाखाली एक, गिऱ्हाइकाचं नाव वर. वर माझं नाव.

आकडा हातात आला की बाकी हिशोब सापडतात. तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेला ग्रेग लेमाँड, त्याच्यामुळे प्रसिद्ध झालेलं एक गणित आहे, पायाच्या आतल्या मापाला ०.८८३ ने गुणायचं, म्हणजे क्रँक ज्या आसाभोवती फिरते त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची येते. माझी ६१ सेंटीमीटर आली. पण ते गणित शर्यतीत पळणाऱ्या माणसाचं, त्याला दर चारशे मीटरवर सिग्नल लागत नाही, म्हणून मी ५६ ठरवली, चवडा टेकायलाच हवा होता मला. दांडी पायांच्या मापाहून किमान दोन बोटं खाली. क्रँक साध्या सायकलीला साडेसहा-सात इंच असते, ती मला सहा. चाकं अठ्ठावीसची काढून सव्वीसची. आणि हे सगळं मांडलं तेव्हा कळलं की माझी अठरा इंच सीटची नळीसुद्धा चार इंचांनी जास्त होती. चौदा! चोवीसची चौदा.

इथे माझं मन मात्र एकदा चांगलंच मागे फिरलं. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमाराला साक्षरतेची मोहीम चालू होती, तिथल्या कलेक्टर शीला राणी चुंकथ यांनी त्यातच बायकांना सायकल शिकवायचं काम घेतलं, आणि बघता बघता लाखभर बायका शिकल्या. दुकानांतल्या लेडीज सायकली संपल्या तर त्यांनी जेंट्स घेतल्या, आणि कित्येकींना त्याच बऱ्या वाटल्या कारण पुढच्या दांडीवर पोराला बसवता येतं. त्यांनी कोणी माप मागितलं नाही. मिळाली ती सायकल घेतली, पाणी आणलं, कामाला गेल्या, बाजाराला गेल्या. आपल्याकडे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, गावाकडे रस्त्याने त्या रांगेने जाताना मी बघते, आठवीतली चिमणी आणि बारावीतली मुलगी एकाच उंचीच्या सायकलवर, लहानगी कंबर हलवत चाललेली, अगदी माझ्यासारखी. ती शाळेत पोचतेय हेच मोठं आहे, त्यापुढे माझी दोन बोटं आणि चौदा इंच ही चैन वाटायला लागते. आणि तरी तिला बघून माझ्या मांडीला चटका बसतो तो बसतोच. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी आहेत, एकीने दुसरीला हटवलेलं नाही.

दांडी मात्र ठेवायचीच होती ती त्यामुळेच. मी अण्णांच्या दांडीवर बसून वाढले, दोन्ही पाय एका बाजूला, टॉवेलची घडी खाली, कानामागे त्यांचा श्वास.

सामान जुन्या बाजारातून. बुधवार-रविवार मंगळवार पेठेत जो भरतो तोच. सकाळी लवकर जायचं, पाल अंथरून होत असतात तेव्हा, नंतर चांगलं उचललं जातं. सायकलीचं सामान एका जागी कधीच नसतं, बंद पडलेल्या मिक्सरखाली फ्रीव्हील, कुलपांच्या ढिगात ब्रेकचा क्लॅम्प. मी सहा बुधवार रजा टाकली. सव्वीसच्या दोन रिमा मिळाल्या, एक जवळजवळ कोरी, दुसरीला एका जागी चपटा मार होता. जुन्या लेडीज सायकलचा पुढचं चाक धरणारा चिमटा मिळाला, त्याचे आटे शाबूत. सहा इंची क्रँक मिळेनाच, मोठ्यांच्या सगळ्या लांब, शेवटी एका लहान मुलांच्या सायकलीची मिळाली, ३६ दात्यांचं चाक लागलेली, निळ्या रंगावर कोणीतरी नखाने खरवडून काढलेलं फूल. मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरणार, साधारण चार मीटर, माझ्या पायांना ते बरोबर झेपतं. विकणारा किलोवर द्यायला तयार होता, मी म्हटलं नाही, नगावर घेते, कारण किलोवर घेतलं की ते भंगार होतं. तो हसला, पण नगावरच दिलं.

आणि पुन्हा भोसरी. या वेळी आईच्या अक्षरातला कागद घेऊन. काकांनी तो वाचला, खिशातून चष्मा काढून परत वाचला, आणि विचारलं, "ही टेलरची लिहायची पद्धत. कोणी घेतलं माप?" मी म्हटलं आईने. ते एवढंच म्हणाले, "मग बरोबर असणार." आणि गॅसचा टॉर्च पेटवला.

तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. गॅस सोडला की आधी लसणासारखा वास येतो, मग फट्, मग ज्योत लांबट पिवळी, मग ऑक्सिजन उघडत जातो तसतशी निळी आणि टोकदार. जुन्या सांध्यांना आधी तापवायचं, लगच्या, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या टोपणाच्या आत पन्नास वर्षांपूर्वी ओतलेलं पितळ परत वितळेपर्यंत. लोखंड काळ्याचं किरमिजी होतं, किरमिजीचं नारिंगी, हिरव्या रंगाला फोड येतात, तो जळतो, आणि एका क्षणी सांध्याच्या कडेने पितळेची चकचकीत रेघ सरकते, त्या क्षणाला नळी फिरवून ओढून काढायची. पितळ नऊशे अंशांच्या आसपास वाहतं, लोखंडाला वितळायला पंधराशे लागतात, या मधल्या सहाशे अंशांत सगळी सायकल उभी असते असं काका म्हणाले. सीटची नळी व्हाइसमध्ये धरली आणि हॅक्सॉ माझ्या हातात दिला. "तुम्हीच कापा." मी कापली. पहिल्या चार ओढींना हात हलत होता, मग नाही. आतून बारीक लाल गंज वाळूसारखा सांडला, आणि दहा इंचांचा हिरवा तुकडा खाली गोणपाटावर पडला.

नळ्यांची तोंडं कानशीने अर्धचंद्रासारखी घासावी लागतात, म्हणजे एक नळी दुसरीच्या पोटाला अंगभर चिकटून बसते, मधून उजेड दिसता कामा नये. जमवायला मला एका तोंडाला दीड तास लागला, काकांना लागली असती वीस मिनिटं, पण त्यांनी हात लावला नाही, मधेमधे नळी उजेडापुढे धरून फक्त बोट दाखवायचे, इथे. दांडी आता पुढून मागे उतरती झाली होती, जुन्या लगांचा कोन तिला जुळेना, म्हणून ते दोन सांधे लगशिवाय केले, पितळच भरून गोल कोपरा करायचा. टाकणखार पाण्यात कालवून सांध्याला लेप दिला, तो आधी पांढरा फुलून येतो, मग काचेसारखा पातळ होऊन लोखंडावर पसरतो, आणि मग पितळेची कांडी लावली की पितळ फटीत आपोआप ओढलं जातं, तहानलेल्या जमिनीत पाणी जातं तसं. बघतच राहावं असं काम. काकांचा श्वाससुद्धा त्या वेळी ज्योतीच्या लयीत चालतो.

थंड झाल्यावर फ्रेम सरळ आहे का बघायला सुतळी. मागच्या चाकाच्या एका खाचेला बांधायची, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून परत दुसऱ्या खाचेला, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूचं अंतर मोजायचं. उजवीकडे ३१ मिलिमीटर, डावीकडे २८. काकांनी फ्रेम दोन लाकडांत अडकवली, मागच्या त्रिकोणाला बांबू लावून एकदाच, अगदी सावकाश, दाब दिला. ३० आणि २९. "अजून नको, लोखंडाला पण जरा सोडावं." मग म्हणाले, उभ्या राहून बघा. आणि मी फ्रेमवरून पाय टाकताना ते पाठ फिरवून टॉर्चचा पाइप गुंडाळायला लागले. चाकं लावून दांडी जिथे येणार तेवढ्या उंचीवर फ्रेम विटांवर ठेवली होती. मी म्हटलं काका, बघा. त्यांनी वळून लांबूनच दोन बोटं हवेत धरली. "आहेत ना एवढी? मग झालं."

पुढचे दोन महिने घरी. पितळेचे कोपरे अर्धगोल कानशीने घासायचे, पितळ पिवळं धमक चकाकतं आणि त्याची भुकटी बोटांच्या रेषांत जाऊन बसते, पोळ्या लाटताना हाताला धातूचा वास. चाकं मी घराजवळच्या सायकलवाल्या काकांकडे बसून विणली, पुढे ३२ तारा मागे ४०, मागचा हब अण्णांचाच, आता दोन्ही बाजूंना नऊ नऊ छर्रे घालून. आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला त्यांनी खडू दिला, चाक फिरवून रिमेजवळ खडू स्थिर धरायचा, जिथे लागेल तिथे आउट. मार बसलेल्या रिमेचा आउट पूर्ण गेलाच नाही, एका जागी ब्रेक अजून हलकेच घासतो, आणि स्टीलच्या रिमा पावसात ब्रेक धरत नाहीत ते वेगळंच, त्यामुळे पावसाळ्यात मी लांबून ब्रेक दाबायला लागते. सीटसाठी जुना लोखंडी सांगाडा होता, वरचं चामडं कुजलेलं. कोल्हापुरी चपलेच्या तळाचं चामडं आणलं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, तो कडवट वास, ते कोमट पाण्यात रात्रभर भिजवलं, सांगाड्यावर ताणून सुतळीने आवळलं आणि सावलीत तीन दिवस वाळवलं, मग तांब्याच्या रिबिटा. पहिला महिना ते दगड होतं. आता बसतंय हळूहळू. कॅरिअर सहा मिलिमीटरच्या सळईचं, लाकडाच्या ठोकळ्यावर वाकवलं, जरा तिरकं आहे, राहू दे. रंग तोच हिरवा मिळवायचा खूप प्रयत्न केला, तीन दुकानं, तीन डबे, जमला नाही. जुन्या हिरव्यात पन्नास वर्षांचं ऊन होतं ते डब्यात कुठून येणार. शेवटी पुढच्या नळीवर जिथे बिल्ला होता तेवढी बोटभर जागा न रंगवता वरून नुसता वॉर्निश दिला.

कापलेला दहा इंचांचा तुकडा आईने मागून घेतला. काय करणार विचारलं नाही. परवा टेप हवा होता म्हणून मशीनचा खण उघडला तर आत होता, सुती कापडात गुंडाळलेला, पिवळ्या टेपशेजारी.

सायकल चालवतेय त्याला आता सात महिने झाले. कंबर हलत नाही. एवढी साधी गोष्ट, पण पहिल्या दिवशी खडकी बाजारापर्यंत गेले आणि माझ्या लक्षात आलं की मी सरळ बसलेय, दोन्ही हाडं सीटवर टेकलेली, पायडल खाली जातंय आणि पाय त्याच्याबरोबर जातोय, त्याच्या मागे धावत नाहीये. मला रडू आलं, मी पुलाच्या कडेला थांबून पाणी प्यायले आणि मग पुढे गेले. भोसरीला नेऊन काकांना दाखवली, त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला, कानशीचं काम बघितलं, कॅरिअर बघितलं आणि म्हणाले, ही सळई पुढच्या वेळी तापवून वाकवा.

फक्त एक गोष्ट अजून सुटलेली नाही. संचेतीच्या चौकात दिवा लाल झाला की मी अजूनही डावीकडे सरकते. पन्नास फुटांवरूनच. हँडल आपोआप वळतं, डोळे कट्टा शोधतात, मागून रिक्षावाला ओरडतो, आणि मी फूटपाथला पाय लावून उभी राहते. मग आठवतं. मग खाली बघते, आणि डावा पाय फूटपाथवरून उचलून, सीटवरून न उतरता, रस्त्यावर टेकवते. चवडा टेकतो. दिवा हिरवा होईपर्यंत तो तसाच खाली दाबून ठेवते, डांबर चपलेतून गरम लागत असतं.